जुन्या रॉक सीडींच्या जागी हाय-रेझ डाउनलोड: आधी काय, मग काय

घराला रंग काढला किंवा ठाण्यात नौपाड्यातून घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं की माळ्यावरचा सीडींचा खोका खाली येतो. नव्वदीत पै-पै जमवून घेतलेल्या रॉक सीडी. "आता सगळं हाय-रेझमध्येच घेऊ" असं म्हणत खोका रद्दीवाल्याला जातो आणि डॉलरमध्ये खरेदी सुरू होते. पुढे कधीतरी लक्षात येतं की विकत घेतलेली फाइल जुन्या सीडीपेक्षा कर्कश वाजतेय, दोन आवडते अल्बम इथून विकतच घेता येत नाहीत, आणि सीडी तर गेली.

इथे क्रम उलटा झालेला असतो. आधी सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या (यालाच रिप करणं म्हणतात), मग कुठला अल्बम नव्याने घेण्यालायक आहे ते ठरवायचं, मग पैसे खर्चायचे. सीडींचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि मधला एकही गाळू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं असतं. हाय-रेझ म्हणजे साधारण २४ बिट आणि ४८ पासून १९२ किलोहर्ट्झपर्यंत. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, जो रॉक संगीताला पुरून उरतो. म्हणजे दोन आवृत्त्यांत जो फरक ऐकू येतो, तो बहुतेक वेळा आकड्यांचा नसून मास्टरिंगचा असतो, म्हणजे रेकॉर्डिंगला शेवटचं रूप (मास्टर) देताना आवाज कसा बसवला याचा. पैसे आकड्यांसाठी न देता मास्टरसाठी द्यायचे, एवढं पक्कं धरून पुढे चला.

१. सामानाची जुळवाजुळव

हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह चालू असेल तर तोही जपून ठेवा, कारण एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसरा कधीकधी बिनतक्रार वाचतो.

हार्ड डिस्क दोन लागतील, एक नव्हे. हिशेब असा: ४५ मिनिटांची सीडी फ्लॅक स्वरूपात (यात आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान होते) सुमारे ३०० एमबी होते. तोच अल्बम २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये १ जीबीच्या आसपास आणि १९२ मध्ये जवळपास दुप्पट. २०० सीडी असल्या तरी १ टीबीच्या दोन डिस्क पुरतात.

सॉफ्टवेअर: विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. ऐकायला आणि तुलनेला फूबार२०००, टॅगसाठी (फाइलमध्ये गाण्याचं, कलाकाराचं नाव लिहायला) म्युझिकब्रेन्झ पिकार्ड, फाइल तपासायला स्पेक. यांतल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

सावधान: डेस्कटॉपवर काम करणार असाल तर यूपीएस जोडा. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर नुकसान चालू अल्बमपुरतंच राहील असं नाही.

२. सीडी निवडून, पुसून घ्या

ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंची हवा दमट. माळ्यावर पाचसात पावसाळे काढलेल्या खोक्यात ओलीने चिकटलेल्या पुस्तिका आणि बुरशीचे ठिपके हमखास सापडतात. म्हणून खोका उघडल्यावर लगेच रिप करायला बसू नका. आधी सगळ्या सीडी बाहेर काढून दोन गठ्ठे करा: चांगल्या, आणि ज्यांना घाई आहे अशा.

घाईच्या गठ्ठ्यात काय जातं?

इंग्लंडमधल्या पीडीओ कारखान्याच्या काही सीडी. साधारण १९८८ ते १९९३ या काळात ब्लॅकबर्नला बनलेल्या अनेक सीडींची चकाकी कडेकडून तपकिरी होत जाते. आतल्या कड्यावर "मेड इन यूके बाय पीडीओ" असा मजकूर आणि कडेला तांबूस छटा दिसली की ती सीडी सगळ्यात आधी रिप करा. हा रोग थांबत नाही, फक्त हळू चालतो.

जुन्या जाड डब्यांतल्या दुहेरी सीडी. त्यांत स्पंजची चकती घातलेली असे. तो स्पंज काळाने विरघळून छापील बाजूला चिकटतो आणि आतला थर खातो. स्पंज ताबडतोब काढून टाका.

छापील बाजूला ओरखडा असलेल्या सीडी. लोक खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतात, पण तिथे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे. माहिती ज्या अॅल्युमिनियमच्या थरात असते तो छापील बाजूच्या अगदी लगत, वर फक्त लाखेचा पातळ लेप. तिथला ओरखडा भरून निघत नाही.

पुसायची रीत: कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडकं, आणि हात मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसू नका. गोलाकार चरा माहितीच्या रेषेबरोबर लांबवर जातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे कमी पडते. त्या रेषेला आडवा गेलेला चरा ती दुरुस्ती सहज सांभाळून घेते. टूथपेस्टचे घरगुती उपाय नकोत. पुसलेली सीडी पूर्ण कोरडी झाल्यावरच ड्राइव्हमध्ये घाला.

३. रिप: एकदाच, पण नीट

सगळ्यात जास्त गफलती या टप्प्यावर होतात. सीडी घातली, समोर आलेल्या कुठल्याशा प्रोग्रॅमने एमपी३ करून टाकली आणि काम झालं असं मानलं, हे नको. आपल्याला सीडीवरचा प्रत्येक बिट जसाच्या तसा हवा आहे.

क. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये "सिक्युअर मोड" निवडा. यात एकच भाग पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली जाते. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

ख. ड्राइव्हचा रीड ऑफसेट बसवा. प्रत्येक मॉडेल गाण्याची सुरुवात काही सॅम्पल पुढे-मागे वाचतं. अॅक्युरेटरिप (इतरांच्या रिपचे आकडे साठवणारी ऑनलाइन नोंदवही) याच्या यादीतली एखादी लोकप्रिय सीडी घातली की सॉफ्टवेअर हा आकडा स्वतःच शोधतं. हे एकदाच करायचं. ड्राइव्ह बदलला तरच पुन्हा.

ग. आउटपुट फ्लॅक ठेवा. कॉम्प्रेशनची पातळी ५ असो वा ८, आवाजात काडीचाही फरक पडत नाही, फक्त फाइलचा आकार किंचित बदलतो. मॅकच्या म्युझिक अॅपमध्ये ऐकणार असाल तर एएलएसी (अॅपलचं फ्लॅकसारखंच स्वरूप) करा, कारण ते अॅप फ्लॅक घेत नाही.

घ. "टेस्ट अँड कॉपी" (प्रत्येक गाणं दोनदा वाचून ताडणारी सोय) चालवा आणि लॉग फाइल अल्बमच्या फोल्डरमध्येच ठेवा.

तपासणी: लॉगच्या शेवटी अॅक्युरेटरिपचा निकाल असतो. इतरांनी केलेल्या रिपशी तुमचा आकडा जुळला तर काम फत्ते. पण भारतात छापलेल्या सीडींची तिथे नोंद नसू शकते, किंवा असते ती परदेशी छपाईची. "जुळत नाही" एवढं वाचून सीडी खराब आहे असा निष्कर्ष काढू नका. टेस्टचा आणि कॉपीचा सीआरसी आकडा (वाचलेल्या माहितीची खूणगाठ) प्रत्येक गाण्यासाठी सारखा आहे का ते बघा. सारखा असेल आणि वाचनाची चूक नोंदलेली नसेल, तर रिप बरोबर आहे.

दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. काही रॉक सीडींवर पहिल्या गाण्याच्याही आधी एक गाणं लपवलेलं असतं. प्लेअरवर पहिलं गाणं लावून मागे रेटलं तरच ते ऐकू येतं. पहिल्या गाण्याआधीची मोकळी जागा दोन-चार सेकंदांहून मोठी दिसली तर ती वेगळी रिप करा. दुसरं, ज्या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळतं तिथे सांध्यावर नेमकं कान देऊन ऐका. फ्लॅकमध्ये तिथे टिचकी किंवा खंड पडला तर दोष रिपच्या सेटिंगचा किंवा प्लेअरचा आहे, सीडीचा नाही.

४. ऐकायचं साधन हाय-रेझ पेलतं का?

खरेदीआधीच हे बघायचं. ब्लूटूथवर ऐकत असाल तर विषय संपला: एलडॅक ही ब्लूटूथची वरच्या दर्जाची पद्धतसुद्धा जास्तीत जास्त ९९० केबीपीएस पाठवते, आणि सीडीचाच दर १,४११ केबीपीएस आहे. वाशी ते ठाणे लोकलमध्ये ब्लूटूथ इअरबड्सवर ऐकणाऱ्याने हाय-रेझसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. तुमची फ्लॅक रिप पुरेशी आहे.

फोनला यूएसबी-सी डॅक (डिजिटल फाइलचा हेडफोनसाठी आवाज करणारं छोटं उपकरण) आणि वायरचा हेडफोन लावत असाल तर अँड्रॉइडची एक खोड लक्षात ठेवा: अनेक फोन सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून मगच पुढे पाठवतात. डॅकला थेट आवाज पोचवणारं प्लेअर अॅप लागेल. विंडोजवर फूबारमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (आवाज न बदलता थेट डॅकला देणारा पर्याय) वापरा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन किलोहर्ट्झचा दर हाताने बदला. गाडीतल्या सिस्टीमला ९६ किलोहर्ट्झची एक फाइल पेनड्राइव्हवर देऊन बघा. बऱ्याच सिस्टीम ती उघडतच नाहीत.

५. मास्टर ओळखा

लेखाचा गाभा हाच टप्पा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

एकाच अल्बमच्या बाजारात पाच-सहा आवृत्त्या असतात: १९८० च्या दशकातली पहिली सीडी, नव्वदीतला रीमास्टर, वर्धापनदिनाची आवृत्ती, मग हाय-रेझ. नव्वदीच्या मध्यापासून रीमास्टर करताना आवाजाची पातळी वर ढकलायची चाल पडली. हळू भाग मोठा केला, मोठा भाग छताला टेकवला. पहिल्या ऐकण्यात जोरकस वाटतं, तिसऱ्या गाण्याला कान थकतात. २००८ साली मेटॅलिकाच्या "डेथ मॅग्नेटिक"ची सीडी इतकी दाबलेली निघाली की चाहत्यांनी ती पुन्हा मिक्स करावी (वाद्यांच्या आवाजांची जुळणी नव्याने करावी) म्हणून ऑनलाइन सह्या गोळा केल्या. तीच गाणी "गिटार हीरो" या व्हिडिओ गेममध्ये कितीतरी मोकळी वाजत होती. असं दाबलेलं मास्टर २४ बिटच्या फाइलमध्ये भरलं तरी दाबलेलंच राहतं.

कधी मामला मास्टरिंगच्याही पलीकडे जातो. झीझी टॉपच्या सुरुवातीच्या अल्बमच्या १९८७ च्या सीडींवर ड्रम्स नव्याने, त्या काळच्या घुमणाऱ्या पद्धतीने मिक्स केलेले होते. मूळ मिक्स नंतरच्या आवृत्त्यांमधून परत आले. तुमच्याकडे त्या जुन्या सीडी असतील तर मूळ मिक्सचं डाउनलोड घेण्यात शंभर टक्के अर्थ आहे. उलट उदाहरण ऑझी ऑस्बोर्नच्या "ब्लिझर्ड ऑफ ऑझ"चं: २००२ च्या आवृत्तीत मूळ बेस आणि ड्रम्स काढून दुसऱ्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतले होते, मूळ वादन २०११ मध्ये परत आलं. घरी नव्वदीतली सीडी असेल तर ती सांभाळा.

तिसरी अडचण मूळ रेकॉर्डिंगची. अॅनालॉग टेपवरचा सत्तरीतला अल्बम २४ बिटमध्ये नव्याने उतरवता येतो. पण डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा "ब्रदर्स इन आर्म्स" सोनीच्या २४ ट्रॅकच्या डिजिटल टेपवर, १६ बिटमध्ये रेकॉर्ड झाला. तिथे १९२ चा आकडा पाहून भुलू नका. मुळात नसलेलं तपशील कुठून येणार?

मग ठरवायचं कसं?

क. तुमच्या सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचा. दिव्याखाली सीडी तिरकी धरली की दिसतो. तो आणि बारकोड डिस्कॉग्सवर (सीडी-एलपींच्या छपायांची नोंद ठेवणारी साइट) शोधा. तुमच्याकडे नेमकी कुठली छपाई आहे ते कळेल.

ख. फूबारच्या डीआर मीटरने (डीआर म्हणजे डायनॅमिक रेंज, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) तुमच्या रिपचा आकडा काढा. डीआर १२ म्हणजे श्वास घ्यायला जागा, डीआर ६ म्हणजे भिंतीला पाठ. मग लाउडनेस वॉर या साइटच्या डीआर डेटाबेसमध्ये हाय-रेझ आवृत्तीचा आकडा बघा.

ग. हाय-रेझचा आकडा तुमच्या सीडीपेक्षा दोन-तीनने कमी असेल तर घेऊ नका. बरोबरीचा किंवा जास्त असेल तर दुकानातला नमुना ऐका.

सावधान: त्या डेटाबेसमधले एलपीचे आकडे सीडीशी ताडू नका. एलपीवरून मोजताना आकडा आपोआप फुगतो.

तपासणी: दोन आवृत्त्या ऐकताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. एका डेसिबलच्या फरकानेही मोठी वाजणारी फाइल "जास्त चांगली" वाटते. फूबारमध्ये रीप्लेगेन (पातळी आपोआप सारखी करणारी सोय) लावा आणि एबीएक्स चाचणी घ्या, म्हणजे कुठली कुठली हे न कळता तुलना होते. फरक ओळखता आला नाही, तर पैसे वाचले.

या चाळणीतून बहुतेकांच्या खोक्यातले थोडेच अल्बम पार होतात. यादी छोटी झाली म्हणून हिरमुसू नका. उरलेल्या सीडींवर उत्तम मास्टर तुमच्या हातात आहे, इतकाच त्याचा अर्थ.

६. खरेदी

क्यूबझ आणि एचडीट्रॅक्ससारखी दुकानं हक्कांच्या करारांमुळे देशानुसार विक्री करतात. खातं उघडण्यापूर्वी त्यांच्या देशांच्या यादीत भारत आहे का ते बघा. परदेशातला खोटा पत्ता आणि व्हीपीएन हा उपाय टाळा. दुकानाच्या अटी मोडल्या जातात आणि पुढे फाइल पुन्हा उतरवायची वेळ आली की खातं बंद असू शकतं. बँडकॅम्पवर भारतातून खरेदी होते, फ्लॅक निवडता येतो आणि फाइल पुन्हाही उतरवता येते; स्वतंत्र बँडांसाठी पहिला थांबा तोच.

पैसे देताना अडतं ते कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन कार्डं फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांतल्या कार्ड-यंत्रांपुरती चालू असतात. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, मर्यादा छोटी ठेवा आणि खरेदी झाली की बंद करा. किमतीवर बँकेचं परकीय चलन शुल्क आणि काही दुकानांत १८ टक्के जीएसटी चढतो. अंतिम रक्कम रुपयांत काढूनच बटण दाबा.

सावधान: अॅपल म्युझिकच्या वर्गणीत हाय-रेझ ऐकायला मिळतं, पण वर्गणी संपली की फाइल गेली. आणि आयट्यून्स स्टोअरमधून विकत घेतलेलं गाणं २५६ केबीपीएस एएसी असतं, म्हणजे सीडीहूनही कमी. घेण्याआधी फाइलचं स्वरूप वाचा. डीएसडी (हाय-रेझचंच एक वेगळं स्वरूप) फाइल्स नवशिक्याने सोडूनच द्याव्यात.

७. आलेली फाइल तपासा

फाइल स्पेकमध्ये उघडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंपनसंख्येचा. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ च्या रेषेवर सुरीने कापल्यासारखी सपाट कड दिसली आणि वर काळोख असला, तर सीडीचीच फाइल फुगवून विकलेली असण्याची दाट शक्यता आहे. पण बघायची जागा नीट निवडा. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरचे स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाहीत, त्यामुळे फक्त गिटार चालू असलेल्या भागात वरची बाजू रिकामीच दिसेल. झांजा जोरात वाजतात तो भाग बघा. त्यांचे स्वर २० च्या वर जातात. १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. जुन्या स्टुडिओतल्या टीव्हीसारख्या पडद्यांची ती खूण, मूळ टेपवरच आलेली.

फाइल फसवी निघाली तर स्पेकचं चित्र जोडून दुकानाला लगेच लिहा.

८. नावं आणि टॅग

प्रत्येक फोल्डरच्या नावात वर्ष आणि आवृत्ती लिहा: बँड, अल्बम, मूळ वर्ष, "सीडी १९८७" किंवा "२४-९६, २०१३". हे नसेल तर दोन वर्षांनी कुठली आवृत्ती कुठली ते तुम्हालाच कळणार नाही.

एसी/डीसीच्या नावातली तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही. सॉफ्टवेअर तिच्या जागी दुसरं चिन्ह घालतं, ते राहू द्या. मात्र एमपी३ च्या जुन्या टॅग पद्धतीत तीच रेघ दोन कलाकार वेगळे करायला वापरतात, म्हणून गाडीत "एसी" आणि "डीसी" असे दोन कलाकार दिसू शकतात. फ्लॅकच्या टॅगमध्ये ही अडचण सहसा येत नाही. पिकार्डने सुचवलेलं डोळे मिटून स्वीकारू नका. ते रिपला दुसऱ्याच आवृत्तीचं नाव चिकटवू शकतं. मॅट्रिक्स क्रमांकावरून काढलेली माहितीच खरी धरा.

९. बॅकअप

दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि ती घराबाहेर ठेवा: डोंबिवलीला बहिणीकडे, पुण्याला भावाकडे. तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. प्रत घेतल्यावर फूबारच्या "व्हेरिफाय इंटिग्रिटी"ने दुसऱ्या डिस्कवरच्याही फाइल्स तपासा. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची खूणगाठ साठवलेली असते, त्यामुळे बिघडलेली फाइल लगेच पकडली जाते. दर दिवाळीच्या साफसफाईत ही तपासणी पुन्हा करा.

१०. आता सीडींकडे वळा

दोन्ही डिस्क तपासून झाल्याशिवाय एकही सीडी घराबाहेर जाऊ देऊ नका. त्यानंतरही माझं मत सीडी ठेवाव्यात असंच आहे. संगीत रीतसर विकत घेतल्याचा पुरावा तोच, आणि सीडी विकून रिप स्वतःकडे ठेवणं योग्य नाही. नव्वदीतल्या भारतीय रॉक बँडांच्या सीडी तर अजिबात देऊ नका. त्यांतल्या बऱ्याच संगीताचं डाउनलोड निघेलच याची शाश्वती नाही.

जागेची अडचण असेल तर प्लास्टिकचे डबे काढून टाका. सीडी, पुस्तिका आणि मागचा कागद एकत्र मावेल असे मऊ पाऊच मिळतात. २०० सीडी एका मध्यम खोक्यात बसतात. पुस्तिका आधी ३०० डीपीआयला स्कॅन करा. ओलीने चिकटलेली पानं ओढून वेगळी करू नका, पंख्याखाली दोन दिवस उभी ठेवून सुकू द्या. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, माळ्याऐवजी आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवा आणि जूनच्या सुरुवातीला पुड्या बदला.